इराणमधल्या मारेकऱ्यांच्या गुप्त संघटनेवर कथा लिहितोय, हशीशची बाग ठेवू की काढू?

सांजवेळ

नमस्कार मंडळी, थोडं लांबलंय पण वाचा प्लीज.

गेले आठ महिने मी एक दीर्घकथा लिहितोय, दिवाळी अंकाला पाठवायचीये. काळ अकराव्या शतकाचा शेवट, जागा इराणच्या उत्तरेकडचे डोंगर, आणि कथेत एक गुप्त संघटना आहे जी वजीर, सरदार, काझी असल्या बड्या लोकांना भर दरबारात नाहीतर मशिदीत कट्यारीनं मारते. संघटना माझी काल्पनिक, नाव 'कोह-ए-सियाहचे सोबती' ठेवलंय, पण मूळ अर्थातच शियांमधल्या इस्माइली पंथाचा आलामूतचा किल्ला आणि तिथला प्रमुख हसन-ए-सब्बाह, ते काही लपवत नाही.

नायक उमर, वय एकोणीस, मेंढपाळाचा मुलगा. त्याला हशीश पाजतात, शुद्ध येते तेव्हा तो एका बागेत असतो, दुधामधाचे पाट, सुंदर बायका, त्याला वाटतं आपण स्वर्गातच आलो. मग परत गुंगी देऊन बाहेर आणतात आणि डोंगरावरचा म्हातारा विचारतो, परत जायचंय का तिथे? मग अमुक वजिराला मारून ये. सगळी कथा या एका प्रसंगावर उभी आहे.

परवा एका मित्राला वाचायला दिली तर तो म्हणाला हे शुद्ध थोतांड आहे, असली बाग कधी नव्हतीच. तेव्हापासून हात अडलाय. माझा प्रश्न असा की खरंच नव्हती का, आणि नसेल तर मग एकोणीस वर्षांचा पोरगा, परत येणार नाही हे माहीत असताना, कशाच्या जोरावर जातो? हे मला खरंच कळत नाहीये आणि ते कळल्याशिवाय पुढचं पान लिहिता येत नाहीये.

पुराणवही

मित्र बरोबर बोलला. बागेची गोष्ट जगभर गेली ती मार्को पोलोच्या प्रवासवर्णनामुळे, आणि तो त्या मुलखातून गेला तेव्हा आलामूत पडून पंधराएक वर्षं झाली होती. किल्ला मंगोलांनी १२५६ मध्ये घेतला. त्या वेळी हुलागूखानाबरोबर जुवैनी नावाचा इतिहासकार होता, तो स्वतः किल्ल्यात फिरला. या लोकांबद्दल त्याच्या मनात इतका द्वेष होता की पानोपानी शिव्या आहेत. त्याला तिथे अशी बाग दिसली असती, निदान तिचे अवशेष दिसले असते, तर त्याने सोडलं असतं का? त्याने मधाचे आणि व्हिनेगरचे कातळातले हौद लिहिलेत, एक माणूस खोली न कळून मधात उतरला आणि बुडता बुडता राहिला हे सुद्धा लिहिलंय, पण बाग नाही आणि नशा पण नाही.

'हशीशी' हा शब्द खरा आहे पण ती शिवी होती. कैरोच्या फातिमी खलिफाच्या बाजूने ११२३ च्या सुमारास निघालेल्या एका पत्रात सीरियातल्या या विरोधकांना हशीशी म्हटलंय, आपण एखाद्याला गंजेडी म्हणतो ना, तो गांजा ओढतोच असं थोडंच असतं, तसं. सीरियात क्रुसेडवाल्या फिरंग्यांनी तो शब्द ऐकला, युरोपात नेला, आणि पुढे लोकांना वाटलं नाव आहे म्हणजे नशा असणारच. इराणातले फारसी बखरकार बहुतेक ठिकाणी त्यांना 'मुलाहिदा' म्हणतात, म्हणजे धर्मबुडवे. ते स्वतःला काय म्हणायचे? रफीक, म्हणजे सोबती. तुम्ही 'सोबती' ठेवलंत ते नकळत अगदी नेमकं बसलंय, ते बदलू नका.

आणि जरा कामाच्या बाजूने विचार करा. ज्याला एखाद्या वजिराच्या घरात महिनोन् महिने नोकरी करायचीये, रोज त्याच्यासमोर मान खाली घालून उभं राहायचंय, आणि संधी आली की एका झटक्यात काम करायचंय, त्याला तुम्ही नशेत ठेवाल का? नशेबाज माणूस आठवड्यात पकडला जाईल.

निजाम-उल-मुल्कचं घ्या. तेव्हा इराणवर राज्य करणाऱ्या सेल्जुक तुर्कांच्या सुलतान मलिकशहाचा वजीर, जवळपास तीस वर्षं सगळा कारभार याच्या हातात. १४ ऑक्टोबर १०९२, रमजान चालू, मुक्काम नहावंदच्या बाजूला. भेटीगाठी संपवून त्याला पालखीतून जनान्याच्या तंबूकडे नेत होते तेव्हा सुफी फकिराच्या वेशात एकजण अर्ज घेऊन पुढे आला आणि त्याने कट्यार मारली. नाव बू ताहिर अर्रानी असं नोंदवलंय. पळायचा प्रयत्न केला, तंबूच्या दोरीत पाय अडकून पडला आणि तिथेच मारला गेला. पाचेक आठवड्यांत सुलतान पण वारला, वेगळ्या कारणाने, आणि मग त्याच्या मुलांची आपसात जी लढाई जुंपली ती बारा-तेरा वर्षं चालली.

यांनी हा मार्ग का धरला तेही यातच कळतं. सेल्जुकांपुढे मैदानात उभं राहण्याइतकं सैन्य यांच्याकडे कधीच नव्हतं. पण सेल्जुकांचं राज्य माणसांवर उभं होतं, हा वजीर, तो अमीर, त्याची जहागीर, त्याची फौज. माणूस गेला की फौज पांगते. मग सैन्याशी कशाला लढा. कट्यारच वापरायची, विष नाही, बाण नाही, आणि शक्यतो चारचौघांत, जुम्म्याच्या नमाजाला. म्हणजे खबर आपोआप गावोगाव जाते. जो जायचा तो फिदाई. आपण 'फिदा झालो' म्हणतो तो हाच शब्द, ओवाळून टाकलेला.

वाटसरू_७

मी २०१७ च्या जूनमध्ये आलामूतला जाऊन आलोय म्हणून लिहितो. काझविनहून टॅक्सी केली, शंभरेक किलोमीटर असेल पण घाटरस्ता असला की तीन तास गेले आणि माझ्या शेजारच्याने दोनदा गाडी थांबवायला लावली. खाली गाझोरखान नावाचं गाव आहे, चेरीच्या बागा, जूनमध्ये झाडं लालभडक झालेली आणि गावातली माणसं ओंजळ ओंजळ चेरी हातात ठेवतात. गावाच्या डोक्यावर एक उभा कातळ, त्यावर किल्ला. अर्ध्या-पाऊण तासाची चढण.

वर गेल्यावर पहिला विचार आला की एवढंसंच? लांबट चिंचोळी जागा आहे, उंटाच्या पाठीसारखी. बायका, कारंजी, महाल, पाट, हे बसणार कुठे? मला तर एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या माणसाला हाक मारता येत होती. वारा इतका की टोपी धरूनच चालायचं. पण कातळात खोदलेली टाकी आहेत, पाणी अजून साठतं, हात घातला तर बर्फासारखं गार. कोपऱ्यावर छिन्नीच्या खुणा स्पष्ट दिसतात. मी त्या खुणांवरून बराच वेळ बोट फिरवत बसलो होतो, सोबतची मंडळी खाली उतरून गेली तरी.

बाग म्हणाल तर ती खाली दरीत होती, पण ती शेती. हसनने किल्ला घेतल्यावर पाट काढले, झाडं लावली, कोठारं भरली, कारण वेढा पडला की वर्ष-दोन वर्षं काढायची असतात. सांजवेळ, तुम्हाला पाट हवेतच ना कथेत, मग तेच घ्या. पण दुधामधाचे नाही, पोरांनी फावड्याने खोदलेले.

आणि किल्ला कसा घेतला ती गोष्ट तर सोडूच नका. १०९०, सप्टेंबर. एक रक्ताचा थेंब सांडला नाही. आधी याचे प्रचारक, ज्यांना ते दाई म्हणायचे, किल्ल्यावरच्या शिबंदीतली माणसं एकेक करून आपल्याकडे वळवत राहिले. मग हसन स्वतः खोट्या नावाने वर येऊन राहिला. किल्लेदार होता महदी नावाचा, त्याला कळलं तेव्हा त्याच्या हुकमातलं कोणी उरलंच नव्हतं. हसनने त्याला बाहेर जाऊ दिलं आणि किल्ल्याची किंमत म्हणून तीन हजार दिनारची चिठ्ठी लिहून दिली, दामगानजवळच्या गिर्दकूहच्या किल्लेदाराच्या नावाने, जो आतून हसनचाच माणूस होता. पेशवाईत 'वरात' म्हणायचे ना, अमक्याकडून इतके रुपये घ्यावेत अशी, तीच ही, शब्द पण फारसी 'बरात'वरून आलेला. महदीला वाटलं काय मिळणारे यावर. पुढे पैशाची फार ओढ लागली तेव्हा घेऊन गेला, तर समोरच्याने चिठ्ठीचं चुंबन घेतलं आणि सोनं मोजून दिलं.

त्यानंतर चौतीस वर्षं, ११२४ मध्ये मरेपर्यंत, हसन किल्ल्यावरून खाली उतरला नाही. घरातून बाहेर दोनदा आला आणि गच्चीवर दोनदा गेला असं लिहून ठेवलंय. दोन्ही मुलांना त्याने मृत्युदंड दिला, एकाला दारू प्यायला म्हणून, दुसऱ्याला खुनाच्या आरोपावरून, जो नंतर खोटा निघाला. वेढ्याच्या काळात बायको आणि मुलींना गिर्दकूहला पाठवलं, तिथे त्या सूत कातून पोट भरायच्या, आणि त्यांना परत कधी बोलावलं नाही. जो माणूस दारूसाठी पोटचा मुलगा सोडत नाही तो पोरांना हशीश पाजेल हे मला तरी पटत नाही.

माझगावकर

लिहू की नको असा विचार करत होतो, लिहितोच.

मी खोजा आहे, इस्माइली. आमचं घर चार पिढ्या मुंबईत, घरात कच्छी, शाळा मराठी. कॉलेजात असताना एकाने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तुमचेच ना ते चरस पिऊन खून करणारे?" तो हसला, बाकीचे हसले. घरी येऊन मी आजोबांना विचारलं तर ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, आपली पुस्तकं ज्यांनी जाळली त्यांनीच आपला इतिहास लिहिला. तेव्हा वाटलं म्हातारा काहीतरी बोलतोय. पुढे वाचलं तर अक्षरशः खरं निघालं. पुराणवहींनी ज्या जुवैनीचं नाव घेतलंय, त्याने आलामूतचं ग्रंथालय स्वतः चाळलं, कुराणाच्या प्रती आणि खगोलाची यंत्रं बाजूला काढली, हसनचं चरित्र वाचून त्यातलं हवं ते उतरवून घेतलं, आणि उरलेलं जाळलं. हे तोच अभिमानाने सांगतो. त्या ग्रंथालयात नसिरुद्दीन तूसीसारखा गणिती वर्षानुवर्षं काम करत होता, त्याने पुढे मराग्याची वेधशाळा उभी केली.

किल्ले पडले तरी माणसं संपली नाहीत. इराणात लपून राहिली, काही सुफी म्हणून वावरली. आमचे पहिले आगाखान, म्हणजे पंथाचे इमाम, १८४० च्या दशकात इराण सोडून सिंधमार्गे मुंबईत आले, १८८१ मध्ये इथेच वारले, माझगावला हसनाबादमध्ये त्यांची कबर आहे, मी लहानपणी दर महिन्याला जायचो. १८६६ मध्ये मुंबई हायकोर्टात खोजांचा मोठा खटला चालला, त्याच्या निकालपत्रात न्यायमूर्ती अर्नोल्ड यांनी थेट आलामूतपर्यंतचा इतिहास मांडलाय. आणि आमच्या जुन्या हस्तलिखितांवरून ही हशीशची भाकडकथा खोडून काढायचं बरंचसं काम झालं ते सुद्धा मुंबईत. इव्हानोव्ह नावाचा रशियन अभ्यासक इथे राहून ती गोळा करत होता, १९४६ मध्ये मुंबईत इस्माइली सोसायटी निघाली ती त्याच कामासाठी.

कथा लिहू नका असं मी म्हणणार नाही. खून झाले, ते आमच्याच लोकांनी केले, पन्नासच्या आसपास नावं तर एकट्या हसनच्या काळातली नोंदवलेली आहेत. पण सांजवेळ, तुमच्या कथेत समोरच्या बाजूने काय झालं ते येतंय का? ११२४ मध्ये आमिद शहरात, आत्ताचं दियारबाकर, सातशे इस्माइली मारले गेले. ११०७ मध्ये इस्फहानजवळचा शाहदिझ किल्ला पडला तेव्हा शेवटी ऐंशी माणसं उरली होती. त्यांचा प्रमुख इब्न अत्ताश, त्याची धिंड काढून जिवंतपणी कातडी सोलली. त्याच्या बायकोने अंगावर सगळे दागिने घातले आणि तटावरून उडी मारली. तुम्ही विचारताय ना, पोरगा कशाच्या जोरावर जातो. या बाईला कोणी हशीश पाजली होती?

सांजवेळ

माझगावकर, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. माफी मागतो, कारण बागेचा प्रसंग लिहिताना हे जिवंत लोकांबद्दल आहे असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मी ते आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचं गोष्टीतलं सामान समजून वापरत होतो. बाग काढली. काल रात्रीच काढली, अठ्ठावीस पानं गेली.

पण आता माझ्याकडे एक पोरगा आहे आणि त्याला जायला कारण नाही. श्रद्धा म्हणून लिहून चालत नाही हो, कागदावर श्रद्धा दिसत नाही. मला काहीतरी हाताला लागणारं पाहिजे.

काजळी

हाताला लागणारं पुराणवही देतीलच, मी तोवर दुसऱ्या दुरुस्त्या सांगते, कारण तुम्ही आधी टाकलेलं पहिलं प्रकरण मी वाचलं होतं आणि तेव्हापासून सांगायचं राहिलंय.

एक तर त्यात दाई आणि नायक कहवा पितात. कॉफी त्या भागात यायला अजून चारशे वर्षं होती, चहाही नाही. सरबत द्या, ताक द्या, दह्याचं काहीतरी द्या. स्वयंपाकात लाल मिरची आणि टोमॅटो आहे, दोन्ही अमेरिकेतून आलेले, काढा. अक्रोड, डाळिंब, मध, व्हिनेगर, मटण, नान, आणि कॅस्पियनच्या बाजूला भात, एवढ्यात छान भागेल.

दुसरं नाव. शिया घरात मुलाचं नाव उमर? जवळपास अशक्य. सुन्नी घरातून या पंथात आलेला असेल तर चालेल, पण मग ते कथेत यायला हवं, बापाने घराबाहेर काढलं वगैरे. नाहीतर अली, हसन, जाफर यातलं घ्या आणि मागे गाव लावा, दामगानी, रूदबारी, कुहिस्तानी, तेव्हा तसंच लावायचे.

आणि ते ओमर खय्याम, निजाम-उल-मुल्क आणि हसन एका शाळेतले मित्र होते हा परिच्छेद पण काढा. निजाम १०१८ चा, खय्याम १०४८ चा, हसन बहुतेक त्याच्याही नंतरचा. तीस वर्षांच्या फरकाने एका बाकावर कसे बसतील.

एक गोष्ट मात्र घालाच, मला फार आवडते. फखरुद्दीन राझी नावाचे मोठे पंडित होते, तासाला बसले की इस्माइलींना यथेच्छ शिव्या घालायचे. एक विद्यार्थी आला, सात महिने शिकला, पुढच्या रांगेत, अतिशय नम्र. एक दिवस खोलीत एकटे सापडल्यावर त्याने गुरुजींना खाली पाडलं, छातीवर बसला, कट्यार काढली. मारलं नाही. सोन्याची थैली ठेवली आणि म्हणाला, आमचे स्वामी सांगतात, शिव्या बंद करा. पुढे कोणीतरी राझींना विचारलं, हल्ली तुम्ही त्यांच्याबद्दल काही बोलत नाही? तर म्हणाले, त्यांचा युक्तिवाद बिनतोड आहे. मूळ फारसीत शब्द 'काते' आहे, कापणारा. हे किती खरं आणि किती रचलेलं ते जाऊ दे, जुन्या बखरीतच आहे, पण यातला सात महिने पुढच्या रांगेत बसणारा मुलगा बघा. तो घरी गेल्यावर काय विचार करत असेल? गुरुजींचं शिकवणं त्याला आवडायला लागलं असेल का?

पुराणवही

सांजवेळ, हाताला लागणारं म्हणालात म्हणून सांगतो, एका जागी सगळं मिळेल.

११२६. हसन जाऊन दोन वर्षं झालीत, सुलतान संजर, त्याचा वजीर मुईनुद्दीन काशी. या वजिराने हुकूम काढला की इस्माइली जिथे सापडतील तिथे मारा, माल लुटा, बायकापोरं गुलाम करा. फौजा निघाल्या. बैहकजवळ तर्झ नावाचं गाव होतं, सगळं इस्माइली वस्तीचं. गाव कापून काढलं. गावच्या प्रमुखाने मशिदीच्या मिनारावर चढून उडी घेतली.

आता ११२७, मार्च, नवरोज तोंडावर आलेला. याच वजिराच्या पागेत दोन मोतद्दार आहेत. कामाला चांगले, विश्वासू, घोड्यांवर जीव असलेले. सुलतानाला नवरोजची भेट म्हणून दोन अरबी घोडे द्यायचेत, म्हणून वजीर त्यांना बोलावतो, चला, निवडायला मदत करा. तिथे, घोड्यांसमोर, ते त्याला मारतात.

ते दोघे तर्झचे होते असं कुठे लिहिलेलं नाही. तुमची कथा आहे, तुम्ही ठरवा.

सांजवेळ

पुराणवही, हे वाचून मी ऑफिसातून अर्धा दिवस रजा टाकून घरी आलो.

म्हणजे काळ तीस-पस्तीस वर्षं पुढे न्यायचा. हसन कथेत नाहीच, फक्त त्याची आठवण. पोराचं नाव जाफर, तर्झचा, त्या दिवशी मेंढरं घेऊन वर गेला होता म्हणून वाचला, आणि मिनारावरची उडी त्याने लांबून पाहिलीये, आवाज ऐकू आलेला नाही, फक्त दिसलंय. मग सुरुवात थेट पागेत करतो. पहाट, तो घोड्याला खरारा करतोय, घोड्याच्या अंगातून वाफ निघतेय, आणि वजीर येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून शाबासकी देतो. काजळी, तुमच्या त्या पुढच्या रांगेतल्या मुलाचा प्रश्न मी इथे आणलाय, जाफरला वजीर माणूस म्हणून वाईट वाटत नाही, हीच त्याची अडचण आहे.

दोन शंका उरल्यात. हसननंतर आलामूतवर कोण होतं, आणि दुसरा मोतद्दार, तो जाफरला आधीपासून ओळखत असेल की पागेतच त्यांना एकमेकांबद्दल कळेल?

पुराणवही

किया बुजुर्ग उम्मीद. हसनचाच माणूस, दैलमी म्हणजे त्याच डोंगराळ मुलखातला, आधी वीसेक वर्षं लमासरचा किल्ला सांभाळलेला, गादीवर बसला तरी वृत्तीने किल्लेदारच. दुसऱ्या मोतद्दाराबद्दल बखरीत काही नाही, पण मी असतो तर दोघांना ओळखू दिलं नसतं, घोडे निवडायच्या सकाळपर्यंत.

माझगावकर

जाफर वाचायला आवडेल. छापून आली की इथे सांगा, आईला पण वाचून दाखवेन. आणि हसनाबाद बघायचं असेल तर कळवा, मी येईन सोबत.